गाडीतली दुसरी बॅटरी : जोडण्याआधी हिशेब करा

मे महिन्यातली दुपार होती. मुंब्र्याचा एक एसी-फ्रिजचा कारागीर, आमच्या जुन्या ओळखीचा, नवी मुंबईतल्या एका नव्या इमारतीतले काम आटोपून गाडीत येऊन बसला. शागीर्दाने मागे सामान भरले होते आणि पुढचे गिऱ्हाईक ठाण्याला वाट पाहात होते. चावी फिरवली तर सेल्फ एकदा कण्हला आणि गप्प झाला. दुसऱ्यांदा चावी फिरवली तेव्हा सीटखालून जळक्या रबराचा वास आला आणि पाठोपाठ धूर निघू लागला. नशीब असे की पाना हाताशी होता. त्याने मागच्या बॅटरीची निगेटिव्ह तार उपसून काढली म्हणून गाडी वाचली. गाडीत गॅसचे सिलिंडरही होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

त्या दिवसाची दोन कामे गेली. गाडी ओढून आणण्याचा खर्च झाला, जळलेले वायरिंग बदलावे लागले आणि ठाण्याच्या गिऱ्हाइकाने दुसरा कारागीर बोलावला तो कायमचाच. दोष कोणाचा? सहा महिन्यांपूर्वी त्याने गाडीत मागे दुसरी बॅटरी बसवून घेतली होती. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत एक लाल तार सरळ ओढली होती. मध्ये काही नाही, फ्यूजही नाही. काम पाऊण तासात झाले, पैसेही थोडे लागले, आणि सहा महिने सारे ठीक चालले. अशा जोडणीचा धोका हाच असतो की ती काही महिने ठीक चालते.

आमच्या कारागीर बांधवांपैकी पुष्कळांनी आता गाडीत दुसरी बॅटरी ठेवायला सुरुवात केली आहे किंवा तसा विचार चालवला आहे. एसीवाले, इलेक्ट्रिशियन, फर्निचरवाले, अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे, मंडप आणि लाऊडस्पीकरवाले, फिरते मोबाइल दुरुस्तीवाले या सर्वांना तिचा उपयोग आहे. म्हणून या विषयाची माहिती सविस्तर द्यावी असे आम्हाला वाटले.

गरज कशातून आली

पूर्वी कारागीर गिऱ्हाइकाच्या घरी गेला की पहिला प्रश्न विचारी, प्लग कुठे आहे? आजही तो प्रश्न आहे, पण उत्तर नेहमी मिळते असे नाही. नव्या इमारतीत मीटर लागलेले नसते. दुकानाचे शटर उघडलेले असते पण वीज तोडलेली असते. गच्चीवर, गोदामात, शेतातल्या पंपाजवळ प्लग नसतोच. त्यातच बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन आणि स्क्रू मशीन आता सर्रास झाली आहेत. त्यांच्या दोन बॅटऱ्या दुपारपर्यंत संपतात आणि मग काम थांबते.

जनरेटर नेता येतो, पण त्याचा आवाज, धूर आणि वजन सोसायटीवाल्यांना नको असते. म्हणून माणूस विचार करतो की गाडी दिवसभर फिरतेच आहे, तिचा डायनमो वीज तयार करतोच आहे, मग ती वीज मागे एका वेगळ्या बॅटरीत का साठवू नये? विचार चांगला आहे, आणि नीट केले तर त्यात बरकतही आहे. पण नीट म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे.

दोन बॅटऱ्या, दोन स्वभाव

गाडीच्या पुढच्या बॅटरीचे काम एकच, इंजिन सुरू करणे. दोन-चार सेकंदांत तिला शंभर-दोनशे अँपिअर देऊन मोकळे व्हायचे असते. त्यासाठी तिच्यात पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. धावण्याच्या शर्यतीतला घोडा म्हणा. त्याला दिवसभर टांग्याला जुंपले तर तो लवकरच बसतो. तसेच या बॅटरीवर तासन् तास दिवे, पंप, इन्व्हर्टर चालवून ती वरचेवर पूर्ण उतरवली तर काही महिन्यांत तिच्या प्लेटा निकामी होतात.

मागची बॅटरी टांग्याच्या घोड्यासारखी हवी, म्हणजे जाड प्लेटांची आणि हळूहळू वीज देणारी. बाजारात ती डीप सायकल म्हणून मिळते. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी याच स्वभावाची असते. पण ती १५० एएचची असली तर वजन पन्नास किलोच्या वर जाते आणि तिच्यात ऍसिड मोकळे असते. हेलकावे खाणाऱ्या बंद गाडीत ती ठेवणे आम्हाला पसंत नाही. गाडीसाठी सीलबंद, पाणी न लागणारी बॅटरीच बरी. ती १०० एएचची घेतली तर वजन तीस किलोच्या आसपास भरते.

आता लिथियम बॅटरीही आली आहे. त्यातली लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी गाडीतल्या कामाला चांगली. तेवढ्याच क्षमतेला वजन निम्म्याहून कमी, आणि साध्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी असे आपण म्हणतो तिथे हिच्यातून ऐंशी टक्के सहज वापरता येते. किंमत मात्र जास्त, आणि तिची जोडणी साध्या बॅटरीसारखी करून चालत नाही. ते पुढे सांगतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जुनी, थकलेली बॅटरी नव्या बॅटरीला थेट जोडू नये. थकलेली बॅटरी रात्रभर चांगल्या बॅटरीतून वीज ओढत राहते आणि सकाळी दोन्ही उतरलेल्या मिळतात. आमच्या एसीवाल्याने मागे जुनी बॅटरी ठेवली होती. पुढच्या बॅटरीचा जीव त्यामुळेच लवकर गेला.

जोडणीचे तीन प्रकार

ज्यांनी जुन्या गाड्या पाहिल्या आहेत त्यांना कटआउट आठवत असेल. तेव्हा अल्टरनेटर नव्हता, डायनमो होता. इंजिन बंद पडले किंवा मंद झाले की बॅटरीतली वीज उलटी डायनमोत जाऊ नये म्हणून कटआउट मध्ये बसवलेला असे. डायनमो वीज देऊ लागला की तो आपोआप जोडे, आणि वीज कमी झाली की तोडे. गाडीचे वायरिंग करण्यात केस पिकलेल्या एका उस्तादांशी आम्ही या विषयावर बोललो. त्यांचे म्हणणे असे की दुसऱ्या बॅटरीची सारी विद्या म्हणजे तो जुना कटआउटच आहे. इंजिन चालू असेल तेव्हा दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या हव्यात आणि बंद असेल तेव्हा तुटलेल्या हव्यात. एवढे कळले की पुढचे सोपे आहे.

पहिला प्रकार हाताच्या स्विचचा. मध्ये एक जाडजूड स्विच बसवायचा, गाडी सुरू झाली की चालू करायचा आणि थांबली की बंद करायचा. स्वस्त आहे, पण माणूस विसरतो. दिवसभराच्या दगदगीत एकदा विसरला की सकाळी गाडीला धक्का मारण्याची वेळ येते.

दुसरा प्रकार रिलेचा. यात व्होल्टेज पाहून चालणारा रिले येतो. पुढच्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले, म्हणजे अल्टरनेटर वीज देऊ लागला, की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो. ते १२.८ च्या आसपास खाली आले की तोडतो. म्हणजे पुढच्या बॅटरीचे पोट आधी भरते, मग मागची जेवायला बसते. जुन्या, साध्या अल्टरनेटरच्या गाडीला आणि साध्या बॅटरीला हा रिले पुरेसा आहे. काही गॅरेजवाले साधा रिले घेऊन त्याला चावीच्या तारेवरून वीज देतात. त्यात खोट अशी की सेल्फ मारण्याआधीच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात आणि सेल्फचा सारा भार मागच्या पातळ तारेवर येतो. साधा रिलेच लावायचा असेल तर तो चार्जिंगच्या दिव्याच्या तारेवरून चालवावा, म्हणजे अल्टरनेटरने काम सुरू केल्यावरच तो जोडेल. ती तार नाजूक असते, तिच्यावर मोठ्या रिलेचा भार टाकू नये. मध्ये एक छोटा रिले ठेवावा.

तिसरा प्रकार डीसी-टू-डीसी चार्जरचा. हा नुसता स्विच नसून चार्जर आहे. पुढून येणारी वीज घेऊन मागच्या बॅटरीला हवे तेवढे व्होल्टेज तो स्वतः तयार करतो आणि ठरल्यापेक्षा जास्त करंट जाऊ देत नाही. दोन ठिकाणी याला पर्याय नाही. एक, नवी गाडी असेल तर. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो. पुढची बॅटरी भरली की तो व्होल्टेज उतरवतो. मग साधा रिले जोडतो, तोडतो, पुन्हा जोडतो आणि मागची बॅटरी अर्धपोटीच राहते. दोन, मागे लिथियम बॅटरी असेल तर. ती इतक्या हावरेपणाने करंट ओढते की छोटा अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने चालू गाडीत अचानक वीज तोडली तर व्होल्टेजची उसळी येऊन अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. चार्जर मध्ये असला की हे दोन्ही धोके टळतात.

चार्जर किती अँपिअरचा घ्यावा? अल्टरनेटरवरची पाटी आधी वाचा. छोट्या व्हॅनचा अल्टरनेटर पन्नास अँपिअरच्या मागेपुढे असतो. त्यातले हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि इंजिनची आपली गरज पावसाळी रात्री सहज वीस-पंचवीस खाऊन टाकते. म्हणून पाटीवरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा फार जास्त करंट चार्जरसाठी धरू नये. पन्नासच्या अल्टरनेटरला पंधरा-वीसचा चार्जर ठीक. मोठा घेतला म्हणून जास्त वीज निर्माण होत नाही, फक्त अल्टरनेटर तापतो.

तार आणि फ्यूज यांत कंजुषी नको

आता त्या दुपारी काय घडले ते पाहू. पुढची बॅटरी दुबळी झाली होती. चावी फिरवताच सेल्फने शंभराहून जास्त अँपिअर मागितले. पुढची देऊ शकली नाही, म्हणून ती मागणी लाल तारेतून मागच्या बॅटरीकडे गेली. ती तार होती बारीक, दहा-वीस अँपिअरच्या लायकीची. तिच्यातून शंभर गेले. तार तापली, वरचे आवरण वितळले आणि गाडीच्या लोखंडाला तार टेकली. मध्ये फ्यूज असता तर तो उडाला असता आणि नुकसान चाळीस-पन्नास रुपयांत भागले असते.

म्हणून फ्यूज दोन हवेत, पुढच्या बॅटरीजवळ एक आणि मागच्या बॅटरीजवळ एक, दोन्ही आपापल्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. दोन कशाला, असे पुष्कळजण विचारतात. कारण या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्येच तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग दोन्हीकडून येते. एका बाजूचा फ्यूज दुसऱ्या बाजूला अडवू शकत नाही. आणि फ्यूज नेहमी तारेपेक्षा कमकुवत हवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद लावणारा मिस्त्री दिसला तर गाडी तिथून हलवावी, हेच बरे.

तारेच्या जाडीचा हिशेबही पाहा. पुढून मागे चार मीटर आणि परत चार मीटर, अशी आठ मीटर तांब्याची तार धरली आणि तिच्यातून तीस अँपिअर न्यायचे म्हटले, तर अडीच स्क्वेअर एमएमच्या तारेत १.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सहाच्या तारेत ०.७ आणि सोळाच्या तारेत पाव व्होल्टच्या आसपास. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत असेल तर अडीचच्या तारेतून मागे पोहोचतात साडेबारा. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेजच १२.६ असते. मग साडेबारांनी ती भरणार कशी? म्हणून सोळा स्क्वेअरची तांब्याची तार घ्यावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार बाजारात येते, ती नको. टोकांना थिंबल नीट दाबून बसवावे. नुसती तार पिळून नट खाली दाबली तर हेलकाव्यांनी ती सैल होते आणि सैल सांधा तापतो. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी वॉशर आणि वर पाइप घालावा.

किती फिरलो तर किती भरली?

येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मागे १०० एएचची बॅटरी आहे म्हणजे शंभर हाताशी आहेत, असे नव्हे. साध्या बॅटरीतून रोज निम्म्यापेक्षा जास्त काढले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती पन्नासच.

आमच्या एसीवाल्याच्या एका दिवसाचा हिशेब आम्ही त्याच्यासोबत बसून मांडला. ड्रिल मशीनची १८ व्होल्ट, ४ एएचची बॅटरी दोनदा चार्ज करायची. इन्व्हर्टरमधली गळती धरून दर वेळी आठ, मिळून सोळा एएच. व्हॅक्युम पंप अडीचशे वॅटचा, अर्धा तास चालतो, त्याचे बारा. वीस वॅटचा दिवा तीन तास, त्याचे पाच. मोबाइल वगैरेचे दोन. बेरीज झाली पस्तीस. पन्नासच्या आत बसले. छान.

आता भरती पाहा. त्याची गाडी दिवसातून दीड तास रस्त्यावर असते. त्यातला बराच वेळ शिळफाट्याच्या गर्दीत उभ्याने जातो, आणि मंद इंजिनावर अल्टरनेटर आपल्या पाटीवरचा आकडा कधीच देत नाही. शिवाय साध्या बॅटरीचा स्वभाव असा की सुरुवातीला ती भराभर घेते आणि ऐंशी टक्क्यांनंतर घासाघासाने खाते. शेवटचे वीस टक्के भरायला कितीतरी तास लागतात. सारे धरून दीड तासात चोवीस-पंचवीस एएच परत जातात. खर्च पस्तीस, जमा चोवीस. रोज अकराची तूट. पहिल्या दिवशी काही कळत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बॅटरी निम्म्याच्या खाली जाते. आठवड्याच्या शेवटी पंप सुरूच होत नाही आणि मग बॅटरीवाल्याला शिव्या दिल्या जातात. बॅटरी चांगली होती. जमाखर्च जमला नव्हता.

दुकानाच्या खात्याला जो नियम तोच येथे. रोजची तूट असेल तर ती कुठून तरी भरली पाहिजे. उपाय एकच, रात्री घरी आल्यावर मागची बॅटरी चार्जरला लावणे. रोज नाही तर निदान आठवड्यातून दोनदा ती सकाळपर्यंत काठोकाठ भरावी. साधी बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो मग निघत नाही. चाळीत किंवा सोसायटीत गाडी उभी असेल तर वायर कोणाच्या मीटरवरून येते ते विचारून, पैसे ठरवून घ्यावी. दुसऱ्याच्या मीटरची वीज न विचारता घेणे हा व्यवहार नव्हे.

ही वीज फुकट नाही

गाडी चालतेच आहे, मग वीज फुकटच, असे आम्ही कित्येकांकडून ऐकले. अल्टरनेटर फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर इंधनातून येतो. रस्त्यावर धावत्या गाडीत एका लिटर जादा पेट्रोलमागे ढोबळमानाने दोन-अडीच युनिट वीज पदरात पडते. लिटर शंभर रुपये धरा, युनिट चाळीस-पन्नासला पडले. वरच्या हिशेबातली पस्तीस एएच म्हणजे भरण्याची गळती धरून अर्धे युनिट. दिवसाला वीस-पंचवीस रुपये झाले. घरच्या मीटरवर युनिटला दहा रुपये धरले तर तेवढ्याच कामाला सहा-सात रुपये. अडलेल्या कामासाठी वीस रुपये काहीच नाहीत. पण घरी भरता येत असताना रस्त्यावर भरण्यात शहाणपण नाही.

खरा घाटा दुसरीकडे आहे. बॅटरी उतरली म्हणून उभ्या गाडीत तासभर इंजिन सुरू ठेवणारे आपण पाहतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जळते आणि वीस अँपिअरने भरली तर मिळते पाव युनिटच्या थोडे वर. म्हणजे युनिट दोनशे रुपयांच्या घरात जाते. याहून महाग वीज शहरात कुठे मिळत नसेल. तळघरातल्या पार्किंगमध्ये असे इंजिन चालू ठेवणे तर जिवाशी खेळ आहे, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इन्व्हर्टरचीही मर्यादा ओळखावी. हजार वॅटचे मशीन चालवायला बारा व्होल्टच्या बॅटरीतून नव्वदच्या वर अँपिअर निघतात. दोन-पाच मिनिटे ठीक. वेल्डिंग, मार्बल कटर, एसी धुण्याचा मोठा जेट पंप ही कामे या बॅटरीची नव्हेत. मोटर सुरू होताना काही पट जास्त करंट ओढते, म्हणून अडीचशे वॅटच्या पंपाला निदान सहाशे-आठशेचा इन्व्हर्टर हवा, आणि तो शुद्ध साइन वेव्हचा. स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते आणि तापते.

ठेवायची कुठे, कशी

तीस किलोची बॅटरी नुसती मागे टेकवून ठेवली आणि जोराचा ब्रेक लागला तर ती पुढच्या सीटवर येते. लोखंडी पट्टीने ती गाडीच्या तळाला बोल्ट करून बांधावी. टर्मिनलवर रबरी टोप्या हव्यातच. एक पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो. काम करताना बोटातली अंगठी आणि हातातले घड्याळ काढून ठेवावे. सोडताना निगेटिव्ह आधी सोडावी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडावी, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी होत नाही.

चार्ज होताना साध्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटू शकतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की तो ठिणगीने भडकतो. सीलबंद बॅटरीतून तो फारसा सुटत नाही, तरी तिच्याजवळ हवा खेळती हवी. आपल्या पुष्कळ व्हॅन सीएनजीवर चालतात आणि टाकी मागेच असते. एसीवाल्यांकडे ब्रेझिंगचे सिलिंडर असतात. रिले, फ्यूज आणि इन्व्हर्टर या टाकीच्या व सिलिंडरच्या नळ्यांपासून दूर बसवावेत, आणि सिलिंडर बंद गाडीत रात्रभर ठेवू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकाराचा दाव्याच्या वेळी उपयोग होत नाही. मूळ वायरिंगला हात न लावता, सरळ बॅटरीच्या टर्मिनलवरून नवी तार घेणारी जोडणीच करून घ्यावी.

बॅटरी संपली की ती भंगारात फोडू देऊ नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्यावी, किमतीत सूटही मिळते.

मिस्त्रीकडून गाडी घेताना

काम झाल्यावर एक साधा मल्टीमीटर घेऊन स्वतः पाहा. दोन मिनिटांचे काम आहे. रात्रभर गाडी उभी असल्यावर सकाळी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या तपासा. साधी बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. मग इंजिन सुरू करून थोडी वाट पाहा. रिले असेल तर पुढच्या आणि मागच्या बॅटरीतला फरक पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असता कामा नये. जास्त असेल तर तार बारीक आहे किंवा सांधा सैल आहे. शेवटी इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि मागच्या बॅटरीवर दिवा लावा. पुढच्या बॅटरीचे व्होल्टेज हलले नाही तर दोन्ही खरोखर वेगळ्या झाल्या आहेत. हलले तर पैसे देण्याआधी मिस्त्रीला परत बोलवा.

आमच्या एसीवाल्याने आता सारे नव्याने करून घेतले आहे. वीस अँपिअरचा चार्जर, सोळाची तार, दोन फ्यूज, लोखंडी चौकट. पहिल्या खेपेपेक्षा खर्च कितीतरी जास्त झाला, पण त्या एका दुपारच्या नुकसानीपेक्षा कमीच. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याने एक वही ठेवली आहे. रोज सकाळी शागीर्द मल्टीमीटर लावून दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे त्यात लिहितो. पूर्वी या मुलाला बॅटरी उतरली एवढेच सांगता येई. आता १२.३ लिहिताना तो स्वतःच म्हणतो, आज रात्री चार्जरला लावावी लागेल.